उपशामक सेवा घरापर्यंत कशी आणावी : महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

महाराष्ट्राने २०१२ साली उपशामक सेवेचे, म्हणजेच गंभीर आजारात वेदना आणि इतर त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरचे, राज्य धोरण जाहीर केले. केरळने २००८ मध्ये असे धोरण आखल्यानंतर ते स्वीकारणारे आपले दुसरे राज्य ठरले. २०१२ मध्येच केंद्र सरकारचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रमही आखला गेला. पुढे २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ही सेवा प्राथमिक आरोग्यसेवेत धरली आणि २०१८ पासून उभी राहिलेली आरोग्यवर्धिनी केंद्रे, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, त्यांच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची आणि दुर्धर आजाराच्या रुग्णांची शुश्रूषा समाविष्ट झाली. कागदावरची मांडणी अशी भक्कम असली तरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी ही सेवा आपोआप येत नाही. कुटुंबातील कोणीतरी योग्य वेळी, योग्य ठिकाणी आणि योग्य कागद हातात घेऊन तिची मागणी करावी लागते. ते काम बहुधा आधीच थकलेल्या मुलावर, सुनेवर किंवा जोडीदारावर येऊन पडते आणि त्यांच्यासाठीच हे मार्गदर्शन लिहिले आहे.

मागणी केव्हा करावी

सर्वांत मोठे नुकसान उशिरामुळे होते. उपशामक सेवा म्हणजे उपचार थांबल्यानंतर द्यायची गोष्ट, हा समज कुटुंबांत आहे आणि दुर्दैवाने अनेक डॉक्टरांतही आहे. प्रत्यक्षात वेदना, धाप, मळमळ, झोप उडणे, जखमेची दुर्गंधी, मनावरचा ताण आणि घरच्यांची ओढाताण या सगळ्यांवर केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असतानाही उपाय करता येतात आणि ते झाले तर मूळ उपचार सोसणेही सोपे जाते. म्हणून आजार पूर्ण बरा होणारा नाही हे निदानातून स्पष्ट झाले, की त्याच भेटीत डॉक्टरांना विचारावे : "यांच्यासाठी पॅलिएटिव्ह केअरच्या टीमला आत्तापासूनच दाखवता येईल का? तशी चिठ्ठी द्याल का?" हा प्रश्न विचारल्याने उपचार सोडून दिले असा अर्थ होत नाही आणि तो विचारल्याबद्दल कोणत्याही कुटुंबाने मनाला लावून घेऊ नये.

ही सेवा केवळ कर्करोगासाठी नाही. वाढत जाणारा हृदयविकार, फुप्फुसांचा दीर्घ आजार, निकामी झालेली मूत्रपिंडे, पक्षाघात, स्मृतिभ्रंश, औषधांना न जुमानणारा क्षयरोग, एचआयव्ही, जन्मतः गंभीर व्यंग असलेली बालके, या सर्वांना तिची गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात गरज असलेल्यांपैकी केवळ १४ टक्के लोकांपर्यंत ती पोहोचते. उरलेल्या मोठ्या संख्येत आपल्याकडील असंख्य घरे आहेत आणि कर्करोग नसलेले रुग्ण त्यांत अधिक दुर्लक्षित राहतात, कारण त्यांना तिकडे पाठवावे हेच कोणाला सुचत नाही.

आधी एक फाइल तयार करावी

रुग्णालय बदलले, डॉक्टर बदलले किंवा रात्री अचानक धावपळ झाली, तर नव्या माणसाला सगळा इतिहास तोंडी सांगण्याचे बळ कोणातच उरलेले नसते. एकाच फाइलमध्ये निदानाचा मूळ अहवाल, शेवटचे डिस्चार्ज कार्ड, सध्या चालू असलेल्या औषधांची मात्रेसह यादी, कशाची अॅलर्जी आहे ते, रुग्णाचे आधार कार्ड, शिधापत्रिका आणि आयुष्मान कार्ड यांच्या प्रती ठेवाव्यात. डिस्चार्ज कार्डावर "घरी उपशामक शुश्रूषेची आवश्यकता" असे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे. पुढची अनेक दारे या एका ओळीमुळे उघडतात, म्हणून वॉर्ड सोडण्यापूर्वी ती आहे की नाही हे पाहूनच निघावे.

त्याच फाइलमध्ये एक साधी वही असावी. दिवसातून तीन-चार वेळा वेदना शून्य ते दहा यांपैकी किती आहे हे रुग्णालाच विचारून लिहावे. औषध कधी दिले, झोप किती लागली, शौचाला केव्हा झाले, याचीही नोंद ठेवावी. डॉक्टरांसमोर गेल्यावर "फार दुखते" या सांगण्यापेक्षा "रात्री दोननंतर आठपर्यंत जाते, गोळी दिल्यावर तीन तास चारवर राहते" ही नोंद मात्रा ठरवण्यास कितीतरी उपयोगी पडते.

कोणत्या दाराशी जावे

सुरुवात घराजवळच्या केंद्रापासून करावी. आशाताईंना घरातील रुग्णाची माहिती द्यावी आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे त्यांची नोंद करून घ्यावी. गृहभेट, रक्तदाब व जखमेची तपासणी, लघवीची नळी बदलणे, नेहमीची औषधे मिळणे या गोष्टी या पातळीवर होणे अपेक्षित आहे. केंद्रातून ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेद्वारे तज्ज्ञांचा सल्लाही घेता येतो. मात्र २०२०च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार मॉर्फिनसारखी अमली वर्गातील औषधे अशा सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी प्रत्यक्ष भेट गृहीत धरावी.

त्यानंतर जिल्हा रुग्णालय. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या रचनेत जिल्हा रुग्णालय हा कणा आहे : तेथे प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिका, ठरावीक खाटा, बाह्यरुग्ण विभाग आणि घरी जाणारे पथक असावे, अशी कल्पना आहे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये गेल्यावर केसपेपर काढून सर्वसाधारण ओपीडीच्या रांगेत उभे राहण्याऐवजी असंसर्गजन्य आजारांचा, म्हणजे एनसीडीचा, कक्ष कोठे आहे हे विचारावे, कारण पॅलिएटिव्ह केअरची माहिती बहुधा तेथेच मिळते. सेवा सुरू नाही असे उत्तर मिळाले तर ते तोंडी घेऊन परतू नये. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे एक पानी अर्ज द्यावा, त्यात रुग्णाची स्थिती आणि नेमकी मागणी लिहावी, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. असा शिक्का असलेला कागद पुढे किती उपयोगी पडतो, ते शेवटच्या भागात येईलच.

धर्मादाय आणि विशेष संस्थांचाही विचार अगदी सुरुवातीपासून करावा. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून चालू असून ते देशातील पहिले हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शुश्रूषा करणारे निवासी केंद्र, मानले जाते. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, जेथे रुग्णाबरोबर नातेवाइकालाही राहून शुश्रूषा शिकता येते. लांबच्या तालुक्यातील कुटुंबाने अशा केंद्रात रुग्णाला कायमचे ठेवण्याचा विचार करण्याऐवजी एकदा जाऊन वेदना आटोक्यात आणावी, मात्रा बसवून घ्यावी, जखम धुण्यापासून नळीतून अन्न देण्यापर्यंत सगळे शिकून घ्यावे आणि मग घराजवळच्या डॉक्टरांच्या नावे सविस्तर पत्र घेऊन परतावे, असे मला वाटते. रुग्णाला बहुतेक वेळा घरच हवे असते आणि शिकलेले घर बरेच काही निभावून नेते.

मॉर्फिन : सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक टप्पा

एखाद्या ठिकाणी उपशामक सेवा खरोखर आहे की नाही, हे तेथे तोंडाने घ्यायचे मॉर्फिन मिळते का यावरून ओळखावे. तीव्र वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये मांडलेल्या वेदनाशमनाच्या शिडीत वरच्या पायरीवर हे औषध आहे. ते महागडे नाही. शिवाय मॉर्फिन ज्या अफूपासून बनते, तिची कायदेशीर शेती आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात, सरकारी परवान्याने होते. तरीही आपल्या रुग्णांना ते मिळत नाही याचे कारण टंचाई नसून कायद्याची भीती आणि प्रशिक्षणाचा अभाव हे आहे, आणि म्हणूनच ते दूर करता येण्यासारखे आहे.

१९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याने, म्हणजे एनडीपीएस कायद्याने, अशा पदार्थांवर कठोर निर्बंध आणले. त्याखालील नियम प्रत्येक राज्याचे वेगळे होते, एकाच औषधासाठी अनेक परवाने लागत, त्यातल्या एकाची मुदत संपली की बाकीचे निरुपयोगी होत. परिणामी बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली आणि २०१५ मध्ये देशभर लागू होणारे एकसारखे नियम आले. आता मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही औषधे 'अत्यावश्यक अमली औषधे' या वर्गात मोडतात. ती ठेवण्यासाठी रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकांकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' अशी एकच मान्यता पुरते. त्यासाठी संस्थेत या औषधांच्या वापराचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर असावा लागतो.

कुटुंबाने यातून काय घ्यावे? रुग्णालयाला नेमका प्रश्न विचारावा : "आपली संस्था मॉर्फिनसाठी मान्यताप्राप्त आहे का? नसल्यास जवळची कोणती आहे?" हा प्रश्न गावातल्या औषध दुकानात विचारून उपयोग होत नाही, तेथे ते बहुधा नसतेच. मान्यताप्राप्त संस्थेत रुग्णाची नोंद करून, निदानाचे कागद दाखवून, डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीवर औषध घ्यावे. रुग्णाला प्रवास झेपत नसेल तर नोंद असलेल्या नातेवाइकाला पुढील औषध कसे मिळेल, कोणती ओळखपत्रे लागतील आणि एका वेळी किती दिवसांचा साठा देतील, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्यावे. गोळ्या संपण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर आठवडाभर आधी पुढची फेरी ठरवावी.

औषध हाती आल्यावर शेजारीपाजारी आणि नातेवाईक घाबरवतात. त्यांना शांतपणे सांगावे, की वेदनेसाठी, देखरेखीखाली, बेताबेताने वाढवलेल्या मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते आणि योग्य मात्रेतील मॉर्फिन मृत्यू ओढवून आणत नाही. साधी गोळी साधारणपणे दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते. दुखायला लागल्यावरच देऊ म्हणून थांबले तर वेदना पुन्हा चढते आणि ती उतरवायला अधिक औषध लागते. मधेच वेदना उसळली तर द्यायची जादा मात्रा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येते, ती सहसा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ ठेवणारे औषध सोबत दिले आहे ना, हे पाहावे. ही एक गोष्ट राहिल्यामुळे चांगले लागू पडलेले मॉर्फिन अनेक घरांत बंद केले जाते. औषध अचानक थांबवू नये. झोपेच्या गोळ्या किंवा दारू त्याबरोबर घेऊ देऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना तो आठवणीने सांगावा, कारण तेव्हा मात्रा आणि वेळा बदलतात. रुग्ण हलवूनही जागा होत नसेल आणि श्वास फार मंद झाला असेल तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांशी संपर्क करावा. गोळ्या कुलपात ठेवून रोज मोजाव्यात. रुग्णाच्या निधनानंतर उरलेल्या गोळ्या संस्थेकडे परत द्याव्यात, दुसऱ्या कोणाला देऊ नयेत.

घरची शुश्रूषा

परिचारिका घरी येईल तेव्हा तिच्याकडून तीन गोष्टी हाताने करून शिकाव्यात : कूस बदलणे, तोंड स्वच्छ ठेवणे आणि जखम धुणे. स्वतः हलू न शकणाऱ्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, माकडहाड, टाचा आणि खांदे रोज उजेडात पाहावेत, लालसर डाग दिसताच त्यावरचा भार काढावा. कुजलेल्या जखमेच्या वासामुळे माणसे खोलीत येणे टाळतात आणि रुग्ण ते ओळखतो. मेट्रोनिडॅझोल या जंतुरोधक औषधाचा जखमेवर वापर करून हा वास पुष्कळ कमी करता येतो, याबद्दल परिचारिकेला जरूर विचारावे. अखेरच्या दिवसांत भूक मंदावते. तेव्हा बळेबळे भरवल्याने ठसका लागून त्रासच वाढतो, ओठ ओले ठेवणे आणि जवळ बसणे पुरेसे असते.

खर्चाची व्यवस्था

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना आपल्याकडे एकत्र राबवल्या जातात. २०२३ मध्ये राज्य शासनाने ही एकत्रित योजना राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत नेण्याचा आणि वार्षिक संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय घेतला. रुग्णालयात या योजनेसाठी नेमलेले मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, किंवा १५५३८८ या क्रमांकावरून आपल्या उपचाराची माहिती मिळते. तथापि एक मर्यादा आधीच लक्षात घ्यावी : ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांभोवती बांधलेली आहे. घरी लागणारे डायपर, एअर बेड, ड्रेसिंगचे साहित्य, काळजीवाहकाची बुडालेली मजुरी हा खरा खर्च तिच्या बाहेर राहतो. म्हणून दाखल असतानाच शक्य त्या तपासण्या आणि औषधे योजनेतून करून घ्यावीत आणि घरच्या साहित्यासाठी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. एअर बेड, व्हीलचेअर, ऑक्सिजन यंत्र वापरून परत देण्याच्या बोलीवर पुरवणाऱ्या संस्थांची माहिती त्यांच्याकडे असते. निराधार व अल्प उत्पन्न गटातील, ६५ वर्षांखालील कर्करोग, क्षयरोग वा पक्षाघाताच्या रुग्णासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. मंजुरीला वेळ लागतो, त्यामुळे तो निदानानंतर लगेच द्यावा.

रुग्णाची इच्छा लेखी ठेवणे

अतिदक्षता विभागात न्यायचे का, श्वासनळीत नळी घालायची का, हे प्रश्न मध्यरात्री कुटुंबावर कोसळतात आणि त्यावरून भावाभावांत कायमचा दुरावा येतो. त्यापेक्षा रुग्ण सावध असताना त्यालाच विचारलेले बरे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये मान्य करून वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, वैधता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता सज्ञान व सावध व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेतले की पुरते, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. त्यात आपल्या वतीने बोलण्यासाठी एकाहून अधिक नातेवाइकांची नावे लिहिता येतात. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक कुटुंबाच्या डॉक्टरांकडे आणि एक वर सांगितलेल्या फाइलमध्ये ठेवावी. इच्छापत्र असले तरी उपचार मागे घेण्याआधी रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळे खातरजमा करतात, त्यामुळे त्याचा गैरवापर होईल ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

निधन घरी होण्याची शक्यता असेल तर मृत्यूच्या कारणाचा दाखला कोण देणार, हे आधीच ठरवावे. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो विनाशुल्क देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते.

सेवा नसेल तेथे ती कशी मागावी

आरोग्य हा राज्यघटनेनुसार राज्याचा विषय आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या निधीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो, आणि कोणत्या कार्यक्रमाला किती रक्कम मागायची हे राज्य आपल्या अंमलबजावणी आराखड्यात ठरवते. तो आराखडा जिल्ह्यांच्या मागणीवरून तयार होतो. जिल्ह्याने पॅलिएटिव्ह केअरसाठी परिचारिका, वाहनाचे इंधन, औषधे मागितलीच नाहीत, तर धोरण असूनही पैसा येत नाही. त्यामुळे आपली मागणी जिल्ह्याच्या आराखड्यात उतरवणे हे सर्वांत परिणामकारक काम आहे आणि ते पाच-सात कुटुंबे एकत्र येऊनही करू शकतात.

केरळमध्ये नेमके हेच घडले. १९९३ मध्ये कोझिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली, पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले आणि त्यानंतर २००८चे धोरण आले. त्या धोरणाने घरी जाणाऱ्या परिचारिकेची जबाबदारी पंचायतींपर्यंत नेली. लोकांच्या दबावातून धोरण आणि धोरणातून स्थानिक निधी, असा तो क्रम होता. आपल्याकडे धोरण आधी आले, म्हणून लोकांच्या दबावाचे काम अजून बाकी आहे.

ग्रामसभेत गावातील अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची संख्या मांडावी. नावे न घेताही ती मांडता येते. ग्रामपंचायत विकास आराखड्यात ड्रेसिंगचे साहित्य, एअर बेड आणि परिचारिकेच्या गृहभेटीसाठी तरतूद करण्याचा ठराव घ्यावा. ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक या तिघांनाही पाठवावी, कारण उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे आणि जिल्हा रुग्णालय शासनाच्या आरोग्य विभागाकडे असल्याने एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते.

दोन महिन्यांत काहीच हालचाल झाली नाही, तर माहितीच्या अधिकारात जिल्हा रुग्णालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रमासाठी मागील दोन आर्थिक वर्षांत किती रक्कम मागितली, किती मिळाली, किती खर्च झाली; किती डॉक्टर व परिचारिका प्रशिक्षित आहेत; रुग्णालयाला अत्यावश्यक अमली औषधांसाठी मान्यता आहे का आणि नसल्यास अर्ज केव्हा केला, एवढेच विचारावे. उत्तर ३० दिवसांत येणे बंधनकारक आहे. न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करावे. मिळालेले उत्तर, शिक्का असलेला पहिला अर्ज आणि ग्रामसभेचा ठराव हे तीन कागद एकत्र जोडून आमदारांना, अधिवेशनापूर्वी पुरेसा अवधी ठेवून, तारांकित प्रश्नासाठी द्यावेत, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात आपल्या जिल्ह्याचे नाव घेऊन उत्तर द्यावे लागेल.